मुंबई–दुबई: अंतर एकच, मग वेळ इतक्या तऱ्हेची का?

मुंबई ते दुबई विमानाला किती वेळ लागतो, असं मोबाइलवर शोधलं की एका ठिकाणी दोन तास चाळीस मिनिटं दिसतात, दुसरीकडे तीन तास वीस मिनिटं. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली तर पावणेदोन-दोन तास निघतात. परतीच्या तिकिटावर हीच वजाबाकी सव्वाचार तासांच्या पुढे जाते. अंतराचंही तसंच. कुठे १,९२७ लिहिलेलं असतं, कुठे १,१९७, कुठे १,०४०.

जळगाव, धुळे, नंदुरबारातून आखातात कामाला गेलेली पोरं आहेत, तिकडे केळी पाठवणारे शेतकरी आणि व्यापारी आहेत, नातवाला बघायला पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या आज्या आहेत. "दुबईले जावाले कितला येळ लागस?" हा प्रश्न साधा आहे, आणि विचारणाऱ्याला सरळ उत्तर मिळायला हवं. वर दिलेल्या आकड्यांपैकी एकही खोटा नाही. प्रत्येक आकडा एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त तो प्रश्न कोणता हे शेजारी लिहिलेलं नसतं. म्हणून एकेक आकडा सुटा करून बघू.

अंतराचे तीन आकडे

१,९२७ हे किलोमीटर, १,१९७ हे आपल्या ओळखीचे मैल, आणि १,०४० हे सागरी मैल. तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. सागरी मैल जहाजांच्या जमान्यातून आला. पृथ्वीच्या अक्षांशाचा एक अंश घेतला की जमिनीवर साधारण १११ किलोमीटर होतात. त्या अंशाचे साठ भाग केले की एक भाग १.८५२ किलोमीटरचा, तोच एक सागरी मैल. नकाशावरच्या अंशांवरून थेट अंतर काढता येतं म्हणून खलाशांना तो सोयीचा होता आणि पुढे वैमानिकांनीही तोच घेतला. विमानाचा वेग म्हणून 'नॉट' वापरतात तोही यातलाच, म्हणजे तासाला एक सागरी मैल. तेव्हा इंटरनेटवर अंतर वाचताना आकड्यापुढचं एकक आधी बघावं. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

हे १,९२७ किलोमीटर मोजले कसे? शाळेत असतो तो पृथ्वीगोल घ्या, एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं दुबईवर धरून दोरा ताणा. दोरा जिथून जातो ती दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहत्वृत्ताचा भाग म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडे फुगलेली दिसते, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरवताना कुठेतरी ताण द्यावाच लागतो. मुंबई–दुबईसाठी हा फुगवटा नगण्य, मध्यावर जेमतेम पंचवीस किलोमीटर. पण दिल्ली–टोकियो बघा. अंतर ५,८६० किलोमीटर, आणि दोऱ्याची वाट सपाट नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा मध्यावर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेला जाते. अंतर वाढतं तसा पृथ्वीचा गोलपणा हिशेबात येतो.

दोन वेबसाइटवर पाच-दहा किलोमीटरचा फरक दिसला तर त्याचंही कारण आहे. पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. कुणी सरासरी धरून हिशेब करतं, कुणी चपटेपणा धरून.

आता आपल्या मुलखात येऊ. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, इगतपुरी, मग कसाऱ्याचा घाट उतरून कल्याण. त्याच जळगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत दोरा ताणला तर सुमारे ३५५ किलोमीटर. पासष्ट किलोमीटर जमिनीच्या चढउताराने आणि वळणांनी खाल्ले. जळगावहून दुबईपर्यंत सरळ दोरा ताणला तर २,१२५ किलोमीटर भरतात. मुंबईमार्गे गेलं तर ३५५ अधिक १,९२७, म्हणजे २,२८२. मुंबईला जाण्याचा वळसा आकाशात फक्त दीडशे किलोमीटरचा आहे. जमिनीवर तो अख्खी रात्र घेतो.

केळीची वाट आणखी वेगळी. तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालेली जळगाव केळी जून २०२१ मध्ये दुबईला रवाना झाली, वीस टन. असा माल थंड कंटेनरमधून जातो. न्हावाशेवाहून निघालेल्या जहाजाला ओमानच्या डोंगरावरून जाता येत नाही. त्याला हॉर्मुझच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून दुबईच्या जेबेल अली बंदराला लागावं लागतं, आणि अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर जातं. विमान मात्र अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या किनाऱ्यावरून थेट आत शिरतं.

तिकिटावरचे तास कुठून सुरू होतात

विमानाचा वेग ताशी साडेआठशे किलोमीटर धरा, १,९२७ ला भागा, उत्तर सव्वादोन तास. मग तिकिटावर तीन तास वीस मिनिटं का?

कारण वेळापत्रकातली वेळ नुसत्या उड्डाणाची नसते. मोबाइलवर दिसलेली दोन तास चाळीस मिनिटं हा नुसता हवेतला वेळ. विमान फलाटावरून, म्हणजे उभं असतं त्या जागेवरून, चाकांना लावलेले चॉक, म्हणजे अडणीचे ठोकळे, काढून मागे ढकललं जातं त्या क्षणी घड्याळ सुरू होतं. दुबईला ते जागेवर थांबून चाकांना पुन्हा चॉक लागले की घड्याळ थांबतं. या दोन क्षणांच्या मधे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं, चढणं आलं, उतरणं आलं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळ्या वापरता येत नाहीत. तिथे दिवसाला नऊशेच्या वर विमानं येतात-जातात. खिडकीतून पुढे सात-आठ विमानांची रांग दिसली तर विमान बिघडलंय असं समजू नका. ही वाट बघणं कंपनीने वेळापत्रकात आधीच धरलेलं असतं. म्हणूनच कधी कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचतं.

चढण्या-उतरण्यातही वेळ जातो, कारण तेवढा भाग विमान पूर्ण वेगात नसतं. पस्तीस हजार फुटांवर पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उतरणं सुरू करण्यासाठी वैमानिक एक सोपं गणित वापरतात: उंचीचे हजार गुणिले तीन, तेवढे सागरी मैल आधी. पस्तीस त्रिक एकशे पाच सागरी मैल, म्हणजे दुबईच्या जवळजवळ दोनशे किलोमीटर अलीकडे. कानाला दडे बसायला लागतात तेव्हा खाली बहुतेक ओमानचा किनारा आलेला असतो.

हा वरखर्चाचा वेळ छोट्या प्रवासाला भारी पडतो. जळगाव–मुंबई छोट्या एटीआर विमानाने साधारण सव्वा तासाचं धरलं जातं. ३५५ किलोमीटरला सव्वा तास म्हणजे सरासरी ताशी २८५. मुंबई–दुबईची जाऊन-येऊन सरासरी सव्वासहाशेच्या आसपास येते, दिल्ली–टोकियोची सातशेच्या आसपास. एटीआर मुळात हळू विमान आहे, ताशी पाचशेच्या आसपास उडणारं. पण नुसत्या वेगाने हा फरक भरून निघत नाही. जमिनीवरचा आणि चढउताराचा वेळ प्रवास लहान म्हणून लहान होत नाही.

जेट विमानाचा अंदाज घरी काढायचा असेल तर किलोमीटरला ८३० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. मुंबई–दुबईला सव्वादोन तासांच्या थोडं वर अधिक पाऊण, म्हणजे तीन तास पाच मिनिटं. जाताना तीन तास वीस आणि येताना दोन तास पन्नास मिनिटं धरली तर सरासरी बरोबर एवढीच येते. जाणं आणि येणं वेगळं का, हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

वारा

अनेकांना वाटतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली दुबई आपोआप जवळ यायला हवी. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाने फिरते हे खरं. पण तिच्यावरची हवाही तिच्यासोबतच फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. तसं नसतं तर भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला दिवसरात्र वादळाचा वारा लागला असता. प्रत्यक्षात उलट घडतं, दुबईला जातानाच जास्त वेळ लागतो.

कारण आहे उंचावरचा पश्चिमी वारा. विषुववृत्ताजवळ हवा तापून वर चढते आणि उंचावरून ध्रुवाकडे सरकते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ उत्तरेला न जाता पूर्वेकडे वळते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर या वळलेल्या हवेचा एक अरुंद, वेगवान पट्टा तयार होतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो अरबस्तान, उत्तर भारत, चीन आणि जपान यांच्यावरून वाहतो, आणि नेमक्या याच उंचीवर विमानं उडतात.

हा प्रवाह आधी कुणाच्या नजरेला आला? जपानमधले हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरचा वारा मोजला. हिवाळ्यात वरती प्रचंड वेगाचा पश्चिमी वारा असतो हे त्यांनी १९२६ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. जगभर कळावं म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत लिहिलं, आणि ती भाषा वाचणारे फारच थोडे असल्याने ते काम बरीच वर्षं तसंच पडून राहिलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आज आपल्या तिकिटावर जाताना आणि येताना वेगवेगळे तास छापलेले असतात, त्यामागची गोष्ट त्यांनी विमानप्रवास सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायच्या कितीतरी आधी कागदावर मांडून ठेवली होती.

तापीत नाव चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वल्ह्याचा जोर तोच, पण प्रवाहाबरोबर किनारा भराभर मागे सरकतो आणि प्रवाहाविरुद्ध हलतच नाही. विमान हवेच्या तुलनेत ताशी ८४० ने उडतंय आणि समोरून ताशी १०० चा वारा आहे, तर जमिनीच्या तुलनेत वेग ७४०. १,९२७ किलोमीटरला दोन तास छत्तीस मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९४०, वेळ दोन तास तीन मिनिटं. फरक तेहतीस मिनिटांचा.

इथे एक बारीक गोष्ट आहे. जाताना गेलेली वेळ येताना भरून निघते, असं वाटतं. निघत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन चार तास पस्तीस मिनिटं लागली असती. वाऱ्यात लागतात चार तास एकोणचाळीस. चार मिनिटं गेलीच. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर सुटतं, म्हणून तोट्याचं पारडं नेहमी थोडं जड राहतं.

दिल्ली–टोकियोवर हीच गोष्ट ठळक दिसते. जपानवरचा हिवाळी जेट प्रवाह जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी एक आहे, तिथे वाऱ्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. जाताना साडेसात तासांच्या आसपास आणि येताना नऊ-साडेनऊ तास, असा दोन तासांचा फरक त्यातूनच येतो. नुकतंच लग्न झालेली मुलगी टोकियोला असेल तर घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ती माहेरी येते तेव्हाचा प्रवास तिच्या जाण्यापेक्षा लांबचा असतो.

पावसाळ्यात चित्र बदलतं. मान्सून आला की पश्चिमी जेट प्रवाह हिमालयाच्या पलीकडे उत्तरेला सरकतो, आणि दक्षिण भारतावर बऱ्याच उंचीवर उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह येतो. त्या महिन्यांत मुंबई–दुबईच्या जाण्या-येण्यातला फरक कमी होतो. विमान कंपन्यांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. म्हणून मागच्या दिवाळीला चुलतभाऊ गेला तेव्हाचे तास यंदा जुलैच्या तिकिटावर जसेच्या तसे सापडले नाहीत तरी त्यात वावगं काही नाही.

विमानात पुढच्या सीटच्या पाठीवर पडदा असेल तर एक गोष्ट जरूर बघा. दुबईला जाताना उंची ३४,०००, ३६,००० किंवा ३८,००० फूट अशी सम हजारांत दिसेल. येताना ३५,००० किंवा ३७,००० अशी विषम. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम उंचीवर उडायचं, असा सर्वसाधारण नियम आहे. समोरासमोर येणारी दोन विमानं त्यामुळे एकमेकांपासून किमान हजार फूट वर-खाली राहतात. आकाशात रस्त्यांच्या खुणाही आहेत. अरबी समुद्रावर मुंबईचं हवाई नियंत्रण संपून मस्कतचं सुरू होतं, त्या सीमेवर रास्की, लोटाव, परार अशी पाच रोमन अक्षरांची नावं असलेले बिंदू आहेत. खाली नुसतं पाणी असतं, पण वैमानिकासाठी ते मनमाड जंक्शनसारखे पक्के असतात. फ्लाइटरडार२४ सारख्या अॅपवर आपल्या माणसाचं विमान बघत बसलात तर ते दोऱ्यासारखं एकसरळ जात नाही, या बिंदूंना धरून किंचित वळत जातं. म्हणजे प्रत्यक्ष कापलेलं अंतर १,९२७ पेक्षा थोडं जास्तच भरतं.

ज्या आकाशातून जाता येत नाही

काही वेळा थोडं नाही, खूप जास्त भरतं. दिल्ली ते ताश्कंद सरळ अंतर १,५८० किलोमीटर आहे, मुंबई–दुबईपेक्षा साडेतीनशेने कमी. पण मधे पाकिस्तान आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही तसंच केलं. त्या महिन्याच्या अखेरीस इंडिगोला दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबवावी लागली, कारण वळसा घालून जाण्याइतका पल्ला त्या विमानांना नव्हता. दोरा ताणून जवळ दिसणारं शहर एका आदेशाने आवाक्याबाहेर गेलं. बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळातही असंच घडलं होतं.

मुंबई–दुबईची वाट समुद्रावरून जात असल्याने तिला याचा फारसा धक्का बसला नाही. दिल्ली–दुबईला बसला. तिथली सरळ वाट, सुमारे २,१८५ किलोमीटरची, सिंधवरून जाते. भारतीय कंपनीच्या विमानाला आधी गुजरातकडे उतरून मग समुद्रावर जावं लागलं, तर आखाती कंपन्यांवर ती बंदी नव्हती. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, कंपनी बदलली की वेळ बदलते. दिल्लीमार्गे स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी हे बघून घ्यावं.

तिबेटवरून विमानं सहसा जात नाहीत, त्यामागे बंदीपेक्षा मोठं कारण आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वरून ऑक्सिजनचे मास्क पडतात. तो ऑक्सिजन साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो. तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या आसपास, खाली यायचं असतं. तिथे माणसाला मास्कशिवाय श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर आहे. खाली यायला जागाच नाही. म्हणून दिल्ली–टोकियोचं विमान दोऱ्याची उत्तरेकडची वाट सोडून हिमालयाच्या दक्षिणेने, बांगलादेश आणि म्यानमारच्या बाजूने पूर्वेकडे जातं. घरगुती सूत्राने दिल्ली–टोकियोचे तास काढले तर प्रत्यक्षातल्या सरासरीपेक्षा कमी येतात, त्याचं एक कारण हा वळसा आहे.

घड्याळाचा दीड तास

तिकिटावर छापलेल्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मुंबईहून सकाळी दहाला निघून दुबईला ११:५० ला पोहोचणार असं लिहिलं असेल, तर ११:५० ही दुबईच्या भिंतीवरच्या घड्याळातली वेळ. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. तेव्हा आपल्याकडे दुपारचे १:२० वाजलेले असतात, म्हणजे प्रवास तीन तास वीस मिनिटांचा. परतताना दुबईहून दुपारी एकला निघून मुंबईला ५:२० ला पोहोचलं, तर वजाबाकी चार तास वीस मिनिटांची, त्यातून दीड तास वजा, राहिले दोन तास पन्नास मिनिटं. जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा. एवढंच.

दीडच तास का, तर पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. भारताने ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ घेतली. अमिरातीने ६० अंशांची. फरक २२.५ अंशांचा, चौपट केले की नव्वद मिनिटं. जळगावची वेळ खरं तर मिर्झापूरची उसनी आहे. जळगाव ७५.६ अंशांवर, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी घड्याळातल्या बारानंतर सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांनी. देशात १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

घरच्यांनी फोन कधी करायचा हेही यावरूनच ठरतं. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजले की तिकडे साडेआठच. कामावरून खोलीवर येऊन मुलगा जेवायला बसलेला असण्याची वेळ.

खान्देशातून निघताना

आता खरा हिशेब. रावेर तालुक्यातल्या गावातून निघून जळगाव गाठायला दीड-दोन तास. जळगावहून मेल-एक्स्प्रेसने मुंबईला साधारण सहा ते साडेसात तास. दादर किंवा ठाण्याला उतरून सहारच्या विमानतळावर पोहोचायला एक-दीड तास. विमानतळावर तीन तास आधी. मग विमान तीन तास वीस मिनिटं. दुबईला पासपोर्टची रांग आणि सामान, त्याचा एक तास धरा. बेरीज सतरा तासांच्या आसपास जाते, आणि त्यातले हवेतले तास जेमतेम तीन. म्हणून विमानाच्या वेळेत पंधरा मिनिटं वाचवायला दोन हजार रुपये जास्त मोजण्यापेक्षा, रेल्वेच्या वेळेशी जुळणारं विमान निवडणं कितीतरी शहाणपणाचं.

हिशेब उलटा करत यावा. विमान सकाळी दहाचं असेल तर सातला विमानतळावर. बॅगा घेणारं काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात, काही त्याहूनही आधी, आणि एकदा बंद झालं की विनवणी चालत नाही. म्हणजे साडेपाचपर्यंत दादर-ठाण्याला उतरायला हवं, म्हणजे जळगावला आदल्या रात्री दहा-साडेदहाच्या आधी गाडी मिळायला हवी. ही कागदावरची शेवटची वेळ झाली. प्रत्यक्षात तीन-चार तास हाताशी ठेवूनच गाडी निवडावी. जुलै-ऑगस्टमध्ये तर कसारा घाटात दरड आली किंवा कल्याणच्या पुढे रुळांवर पाणी आलं तर गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात. त्या दिवसांत सरळ आदल्या दुपारीच निघावं आणि रात्र मुंबईत नातेवाइकांकडे काढावी.

धुळेकरांना मुंबई–आग्रा महामार्ग आहे, मालेगाव-नाशिकमार्गे रात्रीची बस थेट मुंबईत आणते. पण भिवंडी-ठाण्याची सकाळची कोंडी धरूनच निघायला हवं.

नंदुरबारकरांनी मात्र मुंबईआधी सुरतकडे बघावं. भुसावळ–सुरत मार्गावरून नंदुरबार ते सुरत काही तासांचं अंतर. सुरत विमानतळाला डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि तिथून आखातात थेट विमानं जातात. सुरत–दुबई सरळ अंतर १,८३३ किलोमीटर, मुंबईपेक्षा शंभर किलोमीटरच्या आसपास कमी. त्यामुळे विमानाचे वाचतात सात-आठ मिनिटं, पण रेल्वेचे आणि मुंबईतल्या टॅक्सीचे कितीतरी तास वाचतात. उड्डाणं मुंबईइतकी रोज आणि भरपूर नसतात, हंगाम बदलला की वारही बदलतात. त्यामुळे आधी सुरतच्या विमानाचा वार पक्का करावा, आणि मगच नंदुरबारहून रेल्वेचं आरक्षण काढावं.